दहावा माणूस

होळीला आठ दिवस राहिले की आमच्या वरंधकडच्या गावांतून मुंबईला, ठाण्याला, पुण्याला फोन जायला लागतात. खुशाली दोन वाक्यांत उरकते आणि मग मुद्द्याचं विचारलं जातं, ‘पालखीला येतोस ना?’ घाटाच्या पायथ्याची ही गावं. डोक्यावर कावळ्या किल्ला, एका अंगाला शिवथरघळीकडे जाणारी वाट, खाली सावित्रीकाठचं महाड, पलीकडे पोलादपूर. यातल्या कितीतरी घरांना वर्षातले बरेच महिने कुलूप असतं. गिरण्यांच्या काळात माणसं लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांत गेली, त्यांची मुलं डोंबिवली-दिव्याकडे सरकली, नातवंडं आणखी लांब. ग्रामदेवतेची पालखी मात्र गावातच राहिली आणि तिला खांदे लागतात. खांदे कमी पडले तर ती दारोदार फिरणार कशी? म्हणून फोन करणारा माणूस बोलता बोलता मनात मोजणी करत असतो.

मला पहिल्यांदा खांदा मिळाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. उंची पुरत नव्हती. एका काकांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, चार घड्या केल्या, माझ्या खांद्यावर ठेवला आणि त्यावर पालखीचा दांडा टेकवला. माझं कौतुक करायला नव्हे. त्या वर्षी एक माणूस खरोखरच कमी होता. त्यानंतर मी शिमगा चुकवल्याचं मला आठवत नाही.

याच रायगड जिल्ह्यात, आमच्यापासून समुद्राकडे गेलं की, माणसं मोजणारा आणखी एक समाज भेटतो. त्यांचा आकडा दहाचा आहे.

‘मशिदी’तली मोजणी

हा समाज बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा. त्यांच्या धर्मात माणूस एकटा प्रार्थना करू शकतो, पण काही प्रार्थना मंडळी जमल्याशिवाय म्हणता येत नाहीत. मृतांसाठी म्हणायचा कद्दिश त्यातलाच. तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी, जिला ते ‘सेफेर’ म्हणतात, ती बाहेर काढून विधिपूर्वक वाचायची तरी मंडळी हवी. मंडळी म्हणजे किमान दहा प्रौढ पुरुष. या दहांच्या गटाला ‘मिन्यान’ म्हणतात. मुलगा तेरा वर्षांचा झाला, त्याचा बार मित्झ्वा झाला की तो मोजणीत धरला जातो. नऊ जाणते, विद्वान, केस पिकलेले पुरुष बसलेले असतील आणि दहावा नसेल, तर त्या नऊ जणांनाही थांबावं लागतं. अशा वेळी तेरा वर्षांचा एखादा मुलगा दारातून आत आला की प्रार्थना सुरू होते.

त्या वयात मुलाला एवढी किंमत देणारी दुसरी जागा सहसा मिळत नाही. शाळेत तो पटावरचा एक आकडा असतो, लग्नाकार्यात पंगतीतला एक पाट. इथे त्याच्या येण्यावर सगळ्यांचं अडलेलं असतं.

घरातल्या मुलांना आणि तरुण जोडप्यांना प्रार्थनालयाशी कसं जोडून ठेवायचं, हा प्रश्न आज जगभरच्या ज्यू मंडळ्यांपुढे आहे. न्यू यॉर्कच्या हजार कुटुंबांच्या सिनेगॉगलाही तो पडतो. पण मोजणीच जिथे मुश्किलीने भरते, तिथे त्याची धार वेगळी असते. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू भरले ४,६५०. त्यातले २,४६६ महाराष्ट्रात. महाडच्या बाजारपेठेत एका आठवडी बाजाराला याहून जास्त माणसं भेटतील. आणि तरीही ही मंडळी मराठीत बोलत, मराठीत गात, आपला सण आपल्या पद्धतीने करत टिकून आहेत. हे त्यांनी कसं साधलं, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

शनवार तेली

समाजाची परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरलं. नवगावला ती दफनभूमी दाखवतात. तिथे स्मारकस्तंभही उभा आहे. वाचलेल्यांचा वंश कोकणात पसरला. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शेती केली, गावांवरून आडनावं घेतली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, चेऊलचे चेऊलकर, घोसाळ्याचे घोसाळकर, किहीमचे केहीमकर. आडनावापुरता आमच्या आणि त्यांच्या उंबरठ्यात फरकच नाही.

शनिवारी ते घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. त्यांच्याकडे धर्मग्रंथ उरला नव्हता, हिब्रू भाषा विस्मरणात गेली होती, प्रार्थनालय तर नव्हतंच. उरलं होतं काय? ‘शेमा’ ही एका ईश्वराची ग्वाही देणारी प्रार्थना, जी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई, आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे नियम, आणि सण.

त्या सणांची नावं ऐकावीत. ज्यू नववर्षाचा ‘नव्याचा सण’. त्याच महिन्यातला ‘खिरीचा सण’. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, घराची दारं लावून दिवसभर आत राहायचं, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीमला ‘होळीचा सण’. वल्हांडणाला, म्हणजे पेसाहला, आंबट पदार्थाचं भांडं झाकून ठेवायचं, म्हणून ‘अनाशी ढाकण्याचा सण’. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला म्हणायचं ‘बिरड्याचा रोजा’.

बिरडं! रायगडातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रात्री वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग घरातल्या बायका-पोरांनी परातीभोवती बसून एकेक दाणा सोलायचा. सोलता सोलता बोटं चिकट होतात आणि गोष्टी निघतात. हजारो मैलांवरच्या एका शहराचा विध्वंस कोकणातल्या मुलांना असा परातीभोवती कळत आला. त्यांना विध्वंसाचं साल ठाऊक नसेल, पण या दिवशी घरात बिरडं का, हे त्यांनी विचारलं असणार आणि आजीने काहीतरी सांगितलं असणार. ज्या समाजाकडे पोथी नाही, पुरोहित नाही, त्याचा धर्म जिवंत ठेवण्याचं काम या परातीने केलं.

याची साक्ष देणारी एक कथा समाजात घरोघरी सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. त्याचा काळ कोणता, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याला शंका आली की हे शनिवार पाळणारे लोक आपलेच असावेत. खात्री कशी करायची? त्याने पुरुषांना श्लोक विचारले नाहीत. बायकांना मिसळीची मासळी दिली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले, कारण ते त्यांच्यात चालत नाहीत. राहाबीला उत्तर मिळालं. समाजाच्या ओळखीची परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि बायका ती पास झाल्या.

मग राहाबीने काय केलं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले तीन तरुण त्याने निवडले, त्यांना शिकवलं आणि समाजाचे काजी म्हणून नेमलं. गावोगाव फिरून सुंता, लग्न, तंटे यांचं काम त्यांच्याकडे आलं. शिकवून झाल्याबरोबर त्यांच्या हाती कामच दिलं गेलं.

मराठीत आणलेला धर्म

अठराव्या शतकात बेने इस्रायल मुंबईत येऊ लागले, ते आमच्या माणसांसारखेच पोटासाठी. कुणी कंपनीच्या पलटणीत भरती झाला, कुणी गोदीत, कुणी सुतारकामात. सॅम्युएल एझिकेल दिवेकर, ज्यांना समाज समाजी हसाजी म्हणून ओळखतो, ते पलटणीतले अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून ते जिवंत सुटले आणि परतल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं प्रार्थनालय बांधलं, ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. शेजारच्या मस्जिद बंदर स्थानकाच्या नावामागे हीच ‘मशीद’ असल्याचं सांगतात. बेने इस्रायल घरांत सिनेगॉगला मशीद म्हणायची रीत बराच काळ होती.

मग कोकणात एकामागून एक प्रार्थनालयं उभी राहिली. रेवदंड्याचं १८४२ चं, अलिबागच्या इस्रायल आळीतलं ‘मागेन आबोथ’ १८४८ चं, पनवेलचं १८४९ चं, पेणचं १८६३ चं. गावोगावच्या मंडळीला मुकादम असे, चौगुले असे, हिशेब ठेवणारा गब्बाई असे. आमच्या गावकीत जशी मानकऱ्यांची रचना, तशीच. सेफेरची पेटी पश्चिमेच्या भिंतीत, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. मधोमध कठड्याचा चौथरा. पेटीपुढे तेवता दिवा.

पण आत म्हणायच्या प्रार्थना हिब्रूत होत्या आणि ती भाषा कुणालाच येत नव्हती. १८२६ मध्ये कोचीचे ज्यू शिक्षक आले आणि त्यांनी प्रार्थनेचे पाठ दिले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. या शिकवण्यांतून तयार झालेल्या पिढीने पुढचं पाऊल स्वतः उचललं. जे मुलांना कळत नाही, ते मराठीत आणायचं. जोसेफ एझिकेल राजपूरकर हे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणण्यात उभं आयुष्य घातलं.

यातलं सगळ्यात जिव्हाळ्याचं पुस्तक म्हणजे हग्गादा, पेसाहच्या रात्री जेवणाच्या चटईवर किंवा टेबलाभोवती वाचायची, इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट सांगणारी पोथी. मराठी अर्थासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादेत चित्रं आहेत आणि त्यात बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. ते चित्र पाहणाऱ्या रोह्याच्या किंवा पेणच्या मुलीला ही इजिप्तमधली परकी गोष्ट वाटलीच नसेल. ती आपल्याच ओसरीवरची वाटली असेल.

हग्गादेची रचनाच मुलांसाठी आहे. रात्रीची सुरुवात वडीलधाऱ्यांच्या प्रवचनाने होत नाही. घरातलं सगळ्यात धाकटं मूल उठून प्रश्न विचारतं की आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का. त्याने विचारल्याशिवाय आजोबांनी सांगायचं नाही. मूल नसेल तर बायकोने विचारायचं, आणि माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारायचं. सांगण्याचा अधिकार मोठ्यांचा, पण सुरुवात करण्याचा अधिकार धाकट्याचा.

टाळ-चिपळ्या आणि मोशे

१८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही तरुण बेने इस्रायलांना वाटलं की आजूबाजूला हरिकीर्तनाला गर्दी लोटते, तर आपल्या कथा आपण त्या रूपात का सांगू नयेत? त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. बेंजामिन सॅमसन अष्टमकर हे त्यातलं मोठं नाव. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं ओवी, साकी, दिंडी, अभंग अशा छंदांत रचली गेली. पूर्वरंग, उत्तररंग, मागे साथीदार, पुढे बसलेली मंडळी. ज्या शिवथरघळीच्या खोऱ्यात समर्थ रामदासांनी दासबोध सांगितल्याची परंपरा आहे आणि जिथे कीर्तन कसं करावं हे त्यांनी समासात बसवलं, त्या खोऱ्यातल्या माणसाला या गोष्टीचं मोल चटकन कळतं. कीर्तनात श्रोता गप्प राहत नाही. त्याला पालुपद म्हणावं लागतं, टाळी धरावी लागते.

पुढे काळ बदलला तशी ही कीर्तनं मागे पडली. त्यांची पदं मात्र बायकांनी सांभाळली. मुंबई-ठाण्यातल्या आणि थेट इस्रायलमधल्या बायकांच्या गाण्यांच्या मंडळांत ती अजून ऐकू येतात. वह्यांमध्ये उतरवलेली पदं सासूकडून सुनेकडे गेली.

त्याच काळात हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. हिब्रूबरोबर मराठी आणि इंग्रजी शिकवणारी ही शाळा कोकणातून आलेल्या मुलांना शहरात उभं राहायला बळ देत होती. आज तिथे शिकणारी मुलं बहुतेक इतर समाजांची आहेत, आणि ती शाळा त्यांनाही तेवढीच आपली आहे. १९१३ मध्ये बेने इस्रायल स्त्री मंडळ निघालं. १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रागतिक विचारांची ज्युइश रिलिजस युनियन स्थापन झाली. डॉ. झिराड या स्त्रीरोगतज्ज्ञ, पुढे पद्मश्रीने गौरवलेल्या. या साऱ्यांत एक सूत्र दिसतं. ज्यांना समाजात बसायला जागा नव्हती, मुलं, तरुण, बायका, त्यांनी नवी जागा करून घेतली आणि जुन्यांनी कुरकुरत का होईना ती होऊ दिली.

कुलूप लागलेली दारं

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि बेने इस्रायल निघू लागले. कुणी त्यांना इथून हाकललं नव्हतं. या भूमीत आम्हाला ज्यू म्हणून कधी छळ सोसावा लागला नाही, हे ते अभिमानाने आणि कृतज्ञतेने सांगतात. ओढ धर्माची होती, पुढे नातेवाइकांची झाली, मग मुलांच्या लग्नांची आणि नोकऱ्यांची. तिथेही वाट सोपी नव्हती. शतकानुशतकं जगापासून वेगळे राहिलेले तुम्ही पूर्ण ज्यू आहात का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठाने लग्नांच्या वेळी उभा केला. बेने इस्रायलांनी चळवळ केली, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. आज दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बीरशेबा इथे त्यांची मोठी वस्ती आहे. तिथून १९८५ पासून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं. इतक्या दूर छापलेलं मराठी वाचताना कोकणातल्या मातीचा वास त्यांना आला असणार.

इकडे गावं रिकामी झाली. म्हसळ्यापासून पेणपर्यंत जिथे एकेकाळी सणाला ओटे भरत, तिथे दोन-चार घरं उरली, कुठे तीही नाहीत. प्रार्थनालय शाबूत, सेफेर शाबूत, पण दहा माणसं नाहीत. मग सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं बोलवायची. आमच्या पालखीसारखंच.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर प्रार्थनालयांच्या दारांशी पहारे आले. आत जायचं तर आधी विचारावं लागतं. ज्या समाजाने दारफळणीच्या एका दिवसाखेरीज कधी दार लावलं नव्हतं, त्याला ते आता रोज सांभाळावं लागतं. पण आतलं काम थांबलं नाही.

ताट मांडणं

आज सर्वात नांदती मंडळी ठाण्याची. तिथलं ‘शाआर हाशामायीम’, स्वर्गाचं द्वार, १८७९ पासूनचं. मुंबईत जॉइंट ही अमेरिकन ज्यूंची मदतसंस्था १९६० च्या दशकापासून काम करते. एव्हलिन पीटर्स ज्युइश कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांचे वर्ग, तरुणांची शिबिरं, ज्येष्ठांच्या बैठका, सणांचे मेळावे होतात. ऑर्ट या संस्थेने एकेकाळी तरुणांना हातचे धंदे शिकवले. १८८० मध्ये रशियात सुरू झालेल्या या संस्थेचं मूळ तत्त्वच ते होतं. घाट चढून पुण्याला गेलं तर लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं १८६७ चं ओहेल डेव्हिड आहे, आणि रास्ता पेठेत बेने इस्रायलांचं १९२१ चं सुक्काथ शलोमो. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

संस्था हव्यातच. पण मला सगळ्यात जास्त आशा दाखवणारी गोष्ट संस्थेची नाही, ताटाची आहे. मलिद्याच्या ताटाची.

घरात काही शुभ घडलं, लग्न ठरलं, नवं घर घेतलं, परीक्षा पार पडली, आजारातून माणूस उठला, की बेने इस्रायल एलियाहू हन्नबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, मलिदा करतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात हा विधी या रूपात नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एक खूण आहे. एलियाहू हन्नबी अग्निरथातून स्वर्गात गेले तेव्हा त्यांच्या रथाच्या चाकाची आणि घोड्यांच्या टापांची ती खूण, असं समाज मानतो. त्या जागेला ‘टापा’ म्हणतात आणि नवस फेडायला तिथे माणसं येतात, इस्रायलहून सुद्धा.

ताट मांडायचं काम हातांचं आहे. पोहे धुऊन निथळत ठेवायचे. ते नरम झाले की त्यात खवलेला ओला नारळ, साखर, वेलची. वर बदाम, पिस्ते, बेदाणे. भोवती फळं, खजूर, केळी, सफरचंद, संत्री, जी मिळतील ती, पण पाच प्रकारची तरी. फुलं किंवा सुगंधी पाला. मंडळी बसते, एलियाहू हन्नबीचं गाणं म्हटलं जातं, आणि मग एकेका वस्तूवर वेगळी स्तुती म्हणायची.

इथे मुलांचं खरं शिक्षण होतं. खजुरावर जी स्तुती म्हणायची ती झाडाच्या फळाची. केळ्यावर ती चालत नाही. केळ्याची स्तुती जमिनीच्या पिकाची, कारण केळ हे ज्यू शास्त्राच्या हिशेबाने झाड नव्हे. घड उतरला की तो खांब संपतो आणि पुढच्या वर्षी नवा येतो. पोह्यांची स्तुती आणखी वेगळी, सुगंधाची त्याहून वेगळी. ताट पुढे ओढून बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कोणत्या फळावर काय म्हणायचं हे विचारलं जातं, आणि ते बरोबर निघालं की सगळे ‘आमेन’ म्हणतात. ज्याच्या परसात केळीचा खुंट आहे अशा रायगडी मुलाला हा नियम एकदा ऐकून जन्मभर लक्षात राहील. त्यासाठी वेगळी पाटी-पेन्सिल लागत नाही.

तसंच शुक्रवारच्या संध्याकाळचं. किद्दुशच्या आशीर्वादासाठी वाइन हवी, पण कोकणात ती कुठून मिळणार? म्हणून काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करायचं. हे काम मुलांचं. नव्या वर्षाला चिकाचा हलवा करायचा. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवत तासभर ढवळत राहायचं, हात थांबला की तळाला लागलंच. एकटीने ते होत नाही, पाळीपाळीने ढवळावं लागतं. दिवाळीच्या फराळाच्या कढईभोवती ज्यांनी हात दुखेस्तोवर झारा फिरवलाय त्यांना ठाऊक आहे, की सणाची गोडी खाण्याच्या आधीच लागलेली असते.

अमेरिकेतल्या ज्यूंनाही हे उशिरा का होईना उमगलं. २००५ मध्ये हॅरल्ड ग्रिन्स्पून यांनी पीजे लायब्ररी नावाचा उपक्रम सुरू केला. मुलांना सिनेगॉगमध्ये बोलावण्याऐवजी दर महिन्याला घरपोच एक गोष्टीचं पुस्तक पाठवायचं. रात्री झोपताना आईबाप ते वाचतात आणि घरात संभाषण सुरू होतं. तो उपक्रम कितीतरी देशांत पोचला. कोकणातल्या शनवार तेल्यांच्या आज्यांनी हेच पुस्तकांशिवाय केलं होतं.

काय चालत नाही

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या गोड बोलून झाकता येणार नाहीत. समाज इतका लहान की लग्नाला जोडीदार मिळणं कठीण. बाहेर लग्न झालं तर मुलांना कोणत्या यादीत धरायचं, यावरून घरं दुखावतात. शनिवारची विश्रांती पाळायची तर सहा दिवसांच्या नोकरीत सुट्टी कशी मागायची? मुलं इंग्रजी शाळांत जातात, त्यांना ना पुरेशी हिब्रू, ना आजीच्या वहीतलं मराठी. आणि मिन्यानमध्ये पारंपरिक मंडळी मुलींना मोजत नाहीत. जगभरच्या प्रागतिक मंडळ्या मोजतात. ज्या समाजाची ओळख बायकांनी मासळी निवडून सिद्ध केली, त्या समाजातल्या मुलीने हा प्रश्न विचारला तर तिला उत्तर मिळायला हवं, गप्प बस असं नव्हे.

माझं म्हणणं मात्र याच्याही अलीकडचं आहे, आणि ते फक्त ज्यूंपुरतं नाही. आमच्या गावांतही तरुणांना ‘आणायला’ काय काय करून झालंय. मोठा मंडप, डीजे, बक्षिसं, टी-शर्ट. मुलं येतात, फोटो काढतात, निघून जातात. त्यांचं चुकतच नाही. पाहुण्यासारखं बोलावलं की माणूस पाहुण्यासारखाच वागतो. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला विन्हेऱ्याची झोलाई येते तेव्हा तिच्याबरोबर रात्रभर चालणारी पोरं कुणी आमंत्रण दिलं म्हणून येत नाहीत. त्यांच्या वाटणीला काहीतरी आलेलं असतं. कुणाकडे काठी, कुणाकडे ढोल, कुणाकडे नुसता पाण्याचा हंडा. ते काम त्यांनी नाही केलं तर अडतं, हे त्यांना माहीत असतं.

बेने इस्रायलांच्या इतिहासात प्रत्येक वळणावर हेच झालं. राहाबीने तीन तरुणांना काजी केलं. हग्गादेने धाकट्याला पहिला शब्द दिला. कीर्तनाने श्रोत्यांच्या हाती टाळ दिले. स्त्री मंडळाने बायकांना सभा दिली. मलिद्याचं ताट आजही मुलाच्या पुढ्यात केळं ठेवतं आणि विचारतं. ज्या ज्या वेळी समाजाने तरुणांची खरी गरज मानली, त्या त्या वेळी एक पिढी पुढे सरकली.

घडी केलेला टॉवेल

इस्रायलमध्ये जन्मलेली, हिब्रू बोलणारी नातवंडं आजी-आजोबांबरोबर कधी कधी कोकणात येतात. नवगावच्या थडग्यांशी उभी राहतात, टाप्यावर मलिदा करतात, अलिबागच्या आळीत आजोबांचं घर शोधतात. घर सापडतं किंवा सापडत नाही. पण त्या दिवशी त्या आळीतल्या प्रार्थनालयात ती मुलं मोजली जातात. अंगणातून कुणीतरी आत डोकावून बोटांवर मोजतं : आठ, नऊ. मग बुटांची लेस बांधत मागे रेंगाळलेला एक मुलगा आत येतो. दहा. त्याला मराठी येत नसेल, इथल्या उकाड्याने तो वैतागलेला असेल, पण त्याच्या येण्याने पश्चिमेच्या भिंतीतली पेटी उघडते आणि इथे पुरलेल्या त्याच्या पणजोबांसाठी कद्दिश म्हणता येतो.

यंदाच्या शिमग्याला आमच्या पालखीच्या पुढच्या दांड्यापाशी एक मुलगा उभा होता. कल्याणला वाढलेला, वय तेराच असेल. उंची पुरत नव्हती. मी माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्या चार घड्या करू लागलो.